काटा खोटा नव्हता

माझ्या सासूबाई वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या. दुकानदाराचा तराजू खरा आहे का, पेट्रोल पंपाचं माप पुरं पडतं का, रेशनच्या दुकानातलं वजन खालून पोखरलेलं तर नाही ना, हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. नाशिक, धुळे, जळगाव हे जिल्हे त्यांनी एसटीने पालथे घातले. साधी साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन गिऱ्हाईक म्हणून दुकानात जायचं, साखर मोजून घ्यायची आणि मग ओळखपत्र काढायचं, ही त्यांची पद्धत. काही दुकानदार हात जोडायचे, काही शिव्या द्यायचे. एकाने तर म्हणे अंगावर कुत्रं सोडलं होतं. या सगळ्यातून त्यांच्या स्वभावात एक गोष्ट कायमची मुरली. समोरचा सांगतो ते खरं असेलही, पण आधी तपासून बघायचं.

सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे दिल्लीत, द्वारकेला राहायला आल्या. मुलीच्या घरी कायमचं राहणं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण मुलगा कॅनडात आणि तिथली थंडी त्यांना मानवणारी नव्हती. माझी बायको विमानतळावर नोकरीला आहे. तिच्या ड्युट्या कधी पहाटेच्या, कधी दुपारच्या. माझं ऑफिस गुडगावला, पण निम्मा आठवडा मी घरूनच काम करतो. त्यामुळे घरात बऱ्याचदा आम्ही दोघंच असायचो, सासू आणि जावई. त्या मला जावईबापू म्हणायच्या, अहो-जाहो करायच्या. मीही आई आणि तुम्ही. एका जागेत राहणाऱ्या दोन सभ्य भाडेकरूंसारखे आम्ही वावरायचो. मी आत आलो की त्या पदर सावरून बसायच्या, त्या स्वयंपाकघरात असल्या की मी पाणी प्यायलासुद्धा थांबायचो.

दिल्लीने त्यांच्या संशयाला मोकळं रान दिलं. आमच्या सेक्टरच्या आठवडी बाजारात त्या भाजीवाल्याला सांगायच्या, "भैया, हात बाजूला करो. पलड्याला हात नाही लगाने का." त्यांची हिंदी अशीच होती, पण भाजीवाल्याला ती बरोबर कळायची. तो त्यांना इन्स्पेक्टर आंटी म्हणायचा आणि त्या दिसल्या की मुकाट्याने वजन बदलायचा. दूधवाला पाणी घालतो, वॉचमन झोपतो, लिफ्टची दुरुस्ती नुसती कागदावर होते, महाराष्ट्राच्या अतिथिगृहातून मी आणलेल्या भाजणीत निम्मं बेसन आहे, अशा बातम्या मला रोज मिळायच्या. त्यातल्या बऱ्याच खऱ्या निघायच्या. पण इतक्या संशयांमध्ये खरा कुठला हे निवडायचं कसं, म्हणून आम्ही सगळ्यांनाच हो हो म्हणत होतो.

थंडी सरत आली होती, तेव्हा त्यांची डावी पोटरी दुखायला लागली. नुकत्याच त्या नाशिकला एका लग्नाला जाऊन आल्या होत्या. गोळा आला असेल म्हणून आम्ही शेक दिला. त्यांचा संशय मालिशवाल्या बाईवर. "तिने चुकीच्या जागी जोर लावला," म्हणाल्या. पण दोन दिवसांत पाय सुजून तुकतुकीत झाला. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी एका वयस्क हरियाणवी डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्यांनी पोटरी दाबून पाहिली आणि लगेच डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करायला पाठवलं. पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. त्यांना काही दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं, सलाईन लागली, रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली.

"अभी कहीं सफर किया था?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"जी, नाशिक से ट्रेन में आई हैं," मी म्हणालो.

"बस, वही है. लंबा सफर, एक जगह बैठे रहना."

कारण सापडलं म्हणून आम्हाला हायसं वाटलं. मला तर ते फारच आवडलं, कारण त्यात कुणाचाच दोष नव्हता. बायकोने फोन करून भावाला कॅनडात कळवलं. त्यालाही पटलं. घरी येताना कॅबमध्ये सासूबाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, मी बसून नव्हते."

"म्हणजे?"

"गाडीत. समोरच्या बर्थवरचा माणूस सारखा माझ्या बॅगेकडे बघत होता. त्यामुळे मी झोपले नाही की धड बसले नाही. बॅग खांद्याला लावून येरझाऱ्या घालत होते. भुसावळ, खंडवा, भोपाळ, झाशी, सगळीकडे दारापाशी जाऊन उभी राहिले."

"पण आई, वयसुद्धा..."

"वय काय, सगळ्यांचंच होतं. आणि बसून गुठळ्या होत असत्या तर तुमचं आख्खं गुडगाव एव्हाना हॉस्पिटलात असतं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "दुकानदाराने विचारायच्या आधीच कारण सांगितलं ना," त्या म्हणाल्या, "की मी त्याचं वजन दोनदा तपासायचे."

मला वाटलं, नेहमीचंच आहे.

गोळ्यांवरही त्यांचा संशय होताच. केमिस्टकडे जाऊन त्या पाकीट उलटसुलट करून बघायच्या, छापील अक्षरं पुसट आहेत का ते नखाने खरवडायच्या. पण घ्यायच्या मात्र नेमाने. जेवण झालं की गोळी, त्यावर पाण्याचा घोट, आणि मग तोंड उघडून स्वतःशीच खात्री. पायाची सूज उतरली. त्या पुन्हा बाजारात जायला लागल्या.

एप्रिलमध्ये एके दिवशी त्यांनी मला हात दाखवला. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला शीर लाल झाली होती. बोट लावलं तर कातडीखाली सुतळी असावी तशी कडक लागायची. गेटपाशीच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, ही सलाईनच्या सुईमुळे सुजलेली शीर आहे, मलम लावा.

"सुई उजव्या हाताला होती," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला आठवेना. बायकोलाही आठवेना. डिस्चार्जच्या कागदावर असलं काही लिहिलेलं नसतं.

"उजव्याच," त्या पुन्हा म्हणाल्या. "त्या दिवसांत मी डाव्या हाताने जेवत होते. आयुष्यात पहिल्यांदा. मला विसरायला होईल का?"

डॉक्टर सौम्यपणे म्हणाले की कधी कधी अशी शीर सुजते, गोळ्या चालू ठेवा. आम्ही मलम घेऊन घरी आलो. ती लाली गेली, आणि काही दिवसांनी दंडावर वरच्या बाजूला दुसरी आली.

आता बायकोला संशय आला, पण तो आईवरच. "ती गोळ्या खात नाहीये," ती मला बेडरूमचं दार लावून म्हणाली. "रक्त पातळ करायची गोळी चालू असताना गुठळी होते कशी? नकली आहेत म्हणून फेकून देत असणार. मी ओळखते ना तिला."

मग ती आईच्या नकळत गोळ्यांची पाकिटं बघायला लागली. ते सासूबाईंच्या लक्षात आलं, कारण त्या डबी एका विशिष्ट कोनात ठेवायच्या. त्यांनी संशय घेतला कामवालीवर. ती बिचारी बिहारहून आलेली, तिला कळेचना की आंटी रोज तिच्या हाताकडे का बघतात. शेवटी बायकोलाच सांगावं लागलं.

"डबी मी उघडते, आई. तू गोळ्या घेतेस की नाही ते बघायला."

सासूबाईंनी डबी पुढ्यात ओढली. "घेते की नाही?" त्यांनी विचारलं.

"घेतेस. बरोबर आहेत सगळ्या."

"मग आता सांग, गुठळी कशाने होते?"

त्या दिवशी दोघी एकमेकींशी फारसं बोलल्या नाहीत. मी माझ्या लॅपटॉपमागे लपलो.

उन्हाळा चढत गेला तशी आणखी एक गोष्ट झाली. त्यांच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरायला लागल्या. ब्लाउज ढगळ झाले. भूक होती, पण थोडं खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटतं म्हणायच्या. दिल्लीचा उन्हाळा आहे, कुणाची भूक शाबूत असते, असं आम्ही म्हणालो. त्या बाथरूमबाहेरच्या आमच्या वजनकाट्यावर उभ्या राहिल्या आणि खाली वाकून बघितलं.

"हा खोटा आहे," त्या म्हणाल्या.

तो साधा, चकतीवर काटा फिरणारा. मी म्हणालो, "आई, माझं वजन तर बरोबर दाखवतो."

"तुमचं बरोबर वजन किती, हे तुम्हाला याच्याचवरून कळतं ना? मग?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कामाला लावलं. कणकेची बंद थैली घेऊन आम्ही पोस्टात गेलो. थैलीवर छापलेल्या वजनावर त्यांचा विश्वास नव्हता, भाजीवाल्याच्या काट्यावर तर नव्हताच. पोस्टाच्या पार्सलच्या काट्यावर मात्र सरकारी तपासणीचा शिक्का असतो. त्यांनी खिडकीतून वाकून तो शिक्का यंदाचा आहे का ते पाहिलं.

"पार्सल कहाँ भेजना है, माताजी?" खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"कहीं नाही. फक्त तोलो."

"आटा?"

"हां. आटा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मागे रांग होती, पण त्याने तोललं, बहुधा वाद नको म्हणून. आकडा त्यांनी पाठ केला. घरी आल्यावर मी आधी नुसता काट्यावर उभा राहिलो, मग थैली छातीशी धरून. त्या चष्मा लावून जमिनीवर बसल्या होत्या, डोळे चकतीच्या अगदी जवळ नेऊन. मला पुन्हा उतरायला लावलं, पुन्हा चढायला लावलं. फरक जेवढा यायला हवा तेवढाच आला.

त्या भिंतीचा आधार घेऊन उठल्या. "काटा बरोबर आहे," म्हणाल्या.

त्या हॉलमध्ये जाऊन बसल्या आणि पदराच्या टोकाने चष्मा पुसत राहिल्या. "म्हणजे मी कमी होतेय," त्या म्हणाल्या. आवाजात भीती होती. इतक्या वर्षांत त्यांची भीती मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "आत काहीतरी आहे, जावईबापू. कुणीतरी आतून काटा मारतंय."

काटा मारणं म्हणजे वजनात फसवणं. त्या दिवशी ते मला थट्टेवारी नेता आलं नाही. मी बायकोला सांगितलं. आम्ही ठरवलं की पुढच्या आठवड्यात एखाद्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. तो आठवडा आम्हाला मिळाला नाही.

मी घरून काम करत होतो. दुपारच्या मीटिंगमध्ये स्क्रीनवर कुणीतरी बोलत होतं, तेवढ्यात स्वयंपाकघरात पातेलं पडल्याचा आवाज आला. नेहमी अशा आवाजानंतर त्यांचं बोलणं ऐकू यायचं, गॅसची शेगडी कशी वाकडी बसवलीय वगैरे. ते आलं नाही. मी गेलो तर त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. दूध जमिनीवर सांडलं होतं. उजवा हात लोंबकळत होता आणि त्या त्याच्याकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघत होत्या.

"आई, काय झालं?"

"ते... चावी... चावी पातळ," त्या म्हणाल्या. तोंडाची एक बाजू खाली ओढली गेली होती. आपण चुकीचं बोललो हे त्यांना कळलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा "चावी"च आलं. डोळ्यांत पाणी आलं.

मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून त्यांना धरून खाली नेलं. शेजारच्या सरदारजींनी गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये लगेच आत घेतलं. स्ट्रोक होता. रक्त पातळ करायची गोळी चालू असल्यामुळे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येत नव्हतं, पण झटका फार मोठा नव्हता. दोन दिवसांत हातात थोडी ताकद आली. शब्द मात्र हरवलेले. चमच्याला चावी, पाण्यालाही चावी.

तिथली मेंदूची डॉक्टर तरुण होती. एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून तिने आम्हा दोघांना दाखवली. मेंदूत एक नाही, बरेच बारीक ठिपके होते, डावीकडे आणि उजवीकडेही. "एक नस बंद होती, तो एक ही तरफ होता," ती म्हणाली. "यहाँ तो जैसे किसी ने मुट्ठी भर के छींटे मारे हैं." हृदय तपासलं होतं, मानेच्या शिरा तपासल्या होत्या. सगळं साफ. बीपी नाही, शुगर नाही. तिने पायाच्या गुठळीबद्दल विचारलं, हातावरच्या लालीबद्दल विचारलं. बायकोने वजनाचं सांगितलं. डॉक्टर बाई म्हणाली, छाती, पोट आणि ओटीपोटाचं स्कॅनिंग करून घ्यायला हवं.

आम्ही बाहेर आलो आणि लगेच आम्हाला संशय आला. मोठं खाजगी हॉस्पिटल, तरुण डॉक्टर, डोक्याचा आजार आणि पोटाचं स्कॅनिंग. बायकोने भावाला फोन लावला. तो स्पीकरवर होता.

"ताई, हे काय चाललंय? इथे असं उठसूट आख्खं अंग स्कॅन करत नाहीत."

"ती म्हणतेय की कारण शोधायला हवं."

"कारण काय, वय आहे. तिकडे हे असंच चालतं. टार्गेट असतात त्यांना. जिजाजी, तुम्ही तरी समजवा हिला."

मलाही मनातून तेच वाटत होतं. पण पोस्टातली ती सकाळ आठवत होती. मी म्हणालो, "आईंनाच विचारूया."

आम्ही डॉक्टरांना खाटेपाशी बोलावलं. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. बायकोने सावकाश सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकलं आणि डॉक्टरांकडे बोट केलं.

"सं... संशय," त्या म्हणाल्या. तो शब्द नीट आला. "क्या?"

डॉक्टर बाई खुर्ची ओढून बसली. तिने लपवलं नाही. "माताजी, कभी-कभी शरीर में कहीं छोटी गाँठ छुपी होती है. वो खुद तकलीफ नहीं देती, पर खून को गाढ़ा कर देती है. पैर में थक्का, हाथ में थक्का, फिर दिमाग में. ज़्यादातर लोगों में थक्के की वजह कुछ और होती है. आप में मुझे शक है. मैं गलत भी हो सकती हूँ."

सासूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग डाव्या हाताची बोटं एकमेकांवर घासली, पैसे मोजतात तशी. "आपको? कितना?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बायको म्हणाली, "आई, काय हे." पण डॉक्टर बाईला राग आला नाही. ती म्हणाली, "कुछ नहीं. यहाँ मत करवाइए. जहाँ आपका भरोसा हो वहाँ करवाइए, सरकारी में करवाइए. फिल्म मुझे मत दिखाइए, किसी और को दिखा लीजिए. बस करवा लीजिए."

ती गेल्यावर सासूबाई बराच वेळ शब्द शोधत होत्या. "तपासू... देते," त्या म्हणाल्या. "खरी... आहे."

तपासणीला हरकत न घेणारा दुकानदार बहुधा खरा असतो, हे त्या पूर्वी कितीदा तरी म्हणाल्या होत्या. कॅनडाला पुन्हा फोन केला नाही.

तरीही स्कॅनिंग आम्ही तिथे केलं नाहीच. डिस्चार्ज मिळाल्यावर मुद्दाम लांब, फरीदाबादला, बायकोच्या एका सहकाऱ्याच्या माहितीतल्या सेंटरवर गेलो. इकडच्या हॉस्पिटलाशी त्याचं काही साटंलोटं असणार नाही, एवढीच त्यामागची अक्कल. रिपोर्ट आणायला दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच गेलो. डाव्या अंडाशयावर मोसंबीएवढी गाठ होती. बाकी कुठे काही दिसत नव्हतं.

बायको पार्किंगमध्ये गाडीत बसून रडली. मी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसलो. एवढी गाठ, आणि पोटात एकदाही दुखलं नाही. घरी जाऊन कसं सांगायचं यावर आम्ही रस्ताभर बोललो, पण सासूबाईंनी दारातच आमचे चेहरे वाचले.

"सापडलं?" त्यांनी विचारलं.

"हो आई."

"कुठे?"

बायकोने स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं. सासूबाईंनी मान हलवली. चेहऱ्यावर जे होतं त्याला मी समाधान म्हणणार नाही, पण महिनोन् महिने एकटीने पाठलाग केलेला माणूस शेवटी दिसल्यावर जे होत असेल ते होतं. बायकोने त्यांचा डावा हात दोन्ही हातांनी धरला.

ऑपरेशनच्या आधी गोळ्या बंद करून रोज पोटावर इंजेक्शन द्यायचं ठरलं, कारण अशा आजारात त्या गोळ्या कधी कधी पुऱ्या पडत नाहीत. इंजेक्शन द्यायला घरी एक कंपाउंडर यायला लागला. तो अर्धंच औषध टोचतो आणि उरलेलं विकतो, असं सासूबाईंनी खुणांनी सांगितलं. सिरिंज कंपनीतूनच भरून येते, हे मी समजावलं. उपयोग झाला नाही. बायकोच्या ड्युट्या अनियमित, त्यामुळे शेवटी ते काम माझ्याकडे आलं. हॉस्पिटलातल्या सिस्टरने मला शिकवलं. बेंबीपासून लांब, कातडीची चिमटी, सुई सरळ.

पहिल्या दिवशी मला घाम फुटला होता. सासूबाईंच्या समोर पाणी प्यायला अवघडणारा मी, आणि आता त्यांच्या पोटाची कातडी चिमटीत धरायची. त्यांनी पदर बाजूला केला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. माझे डोळे आपोआप मिटले.

"अरे," त्या म्हणाल्या. "डोळे उघड."

मी दचकलो. जावईबापू हा शब्द त्यांच्याकडून गेला होता, आणि त्याबरोबर अहो-जाहोही. मी डोळे उघडले आणि सुई टोचली. त्यांनी सिरिंज हातात घेतली, उजेडात धरून रिकामी असल्याची खात्री केली आणि मला परत दिली.

पुढे रोज सकाळी त्या दहा मिनिटांत आम्ही बोलायला लागलो. त्यांना शब्द सापडावेत म्हणून मी प्रश्न विचारायचो. त्यांनी मला कुत्रं सोडणाऱ्या दुकानदाराची पूर्ण गोष्ट सांगितली, तुकड्या तुकड्यांत. सासरे त्यांच्या फिरतीवर कधी नाराज झाले नाहीत, पण घरातल्या डब्यांतलं सामान त्यांनी कधी तोलू दिलं नाही, म्हणाले, इथे तरी तपासू नकोस, हेही तेव्हाच कळलं. चावी हळूहळू फक्त चावीपुरती उरली. काही महिन्यांनी जावईबापू शब्दही परत आला. एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी तो म्हणून पाहिला आणि मग पुन्हा अरे-तुरेवरच आल्या. मी तो बदल कुणाला बोलून दाखवला नाही.

ऑपरेशन दिल्लीतच झालं. गाठ अंडाशयाबाहेर पसरली नव्हती. सर्जन बाई आम्हाला भेटायला बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "गाँठ तो चुप बैठी थी, खून ने चुगली कर दी." केमो झाली, केस गेले, परत आले, आधीपेक्षा जास्त काळे आले म्हणून बायकोला त्यातही शंका. कॅनडाहून भाऊ येऊन गेला. तो आईशेजारी बसून होता, स्कॅनिंगच्या फोनबद्दल ना तो काही बोलला, ना आम्ही.

आता दोन वर्षं होत आली. दर काही महिन्यांनी तपासणी असते. डॉक्टर म्हणतात, आजवर सगळं ठीक आहे, लक्ष ठेवायचं. ते लक्ष ठेवणं घरात कायमचं राहायला आलंय. त्यांनी जरा पाय चोळला की बायको आणि मी एकाच वेळी तिकडे बघतो. मोज्याचा वळ उठला तरी मी पोटरीवर बोट दाबून बघतो. त्या म्हणतात, "अरे, मोजा घट्ट होता." मी मान हलवतो आणि पुन्हा दाबून बघतो.

हा रोग मला ऑफिसातही जडला. गेल्या हिवाळ्यात माझ्या टीममधला एकजण पायात गुठळी झाली म्हणून रजेवर गेला आणि परत आला. चाळिशीचा, पंजाबी, आनंदी माणूस. कँटीनमध्ये सगळे म्हणाले, गुडगावचा ट्रॅफिक, दिवसभर खुर्ची, होणारच. तोही हसत होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "यार, वजन कम हुआ है क्या? घर में किसी को कैंसर?"

त्याचं हसू गेलं. "क्यूँ पूछ रहा है?"

मी सासूबाईंचं सगळं सांगितलं. डॉक्टर बाई म्हणाली होती तेही सांगितलं, की बहुतेकांच्या बाबतीत असं काही नसतं. त्याने ते शेवटचं वाक्य ऐकलं असावं असं वाटत नाही. त्याने डॉक्टरांना गाठलं, तपासण्या करवून घेतल्या आणि रिपोर्ट येईपर्यंत त्याची बायको झोपली नाही म्हणे. सगळं स्वच्छ निघालं. त्यानंतर बरेच दिवस तो माझ्याबरोबर चहाला आला नाही. मग एकदा स्वतःहूनच आला, माझ्यासाठी कप भरून घेतला, आणि आम्ही क्रिकेटवर बोललो.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्या मटार सोलत बसल्या होत्या.

"पायाची सूज उतरली का त्याच्या?" त्यांनी विचारलं.

"उतरली."

"पूर्ण?"

"मी विचारलं नाही आई. आता परत विचारायची हिंमत नाही."

त्यांनी एक शेंग उघडली, दाणे ताटलीत पाडले आणि म्हणाल्या, "राहू दे मग." थोड्या वेळाने मला हाक मारून त्यांनी सोलायला अर्ध्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या.